कामात असल्यासारखं

“काका, जरा आत येता का?”

काचेच्या केबिनमधून मॅनेजर बाई बोलावत होत्या. वय तिशीच्या आतबाहेर, पायात पळायचे बूट. निवृत्त हेडक्लार्कांनी फाइल मिटली. फाइलमध्ये फ्रिजची वॉरंटी होती, तीही संपलेली. पण तीच उलटसुलट वाचत त्यांनी सकाळचा पाऊण तास काढला होता.

उपनगरातली ही सातवी जागा. लॅपटॉप घेऊन यायचं, भाड्याच्या टेबलाशी बसायचं, ज्याने त्याने आपापलं काम करायचं. असल्या जागेला को-वर्किंग म्हणतात हे त्यांना मागच्या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हतं. आता ते त्यावर प्रबंध लिहू शकले असते. पहिली जागा जिमच्या खाली होती. वर कोणी वजन आपटलं की भिंतीवरची ‘शांततेत कल्पना जन्मतात’ ही पाटी वाकडी व्हायची. दुसरीत खुर्च्याच नव्हत्या, नुसत्या बीनबॅग. त्यांना उठवायला दोन इंजिनियर लागले. तिसरी म्हणजे दातांच्या डॉक्टरची बाहेरची खोली. दवाखाना दुपारनंतर, तोवर को-वर्किंग. चौथीत ‘आज मी कशाबद्दल कृतज्ञ आहे’ ते भिंतीवर लिहायचं होतं. सगळ्यांनी ‘वायफाय’ लिहिलं होतं. पाचवी-सहावीबद्दल न बोललेलं बरं.

प्रत्येक ठिकाणी पहिला दिवस फुकट. ट्रायल. हेडक्लार्क प्रत्येक ठिकाणी पहिलाच दिवस जायचे.

बायको फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून घरात सकाळचे दहा वाजले की अकरा वाजायचेच नाहीत. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. ती मागे लागली होती, “बाबा, फ्लॅट भाड्याने देऊन टाकू. तुम्ही माझ्याकडे या. एकटे काय करता दिवसभर?” हेडक्लार्कांना घर सोडायचं नव्हतं. बायको एकवीस वर्षं त्याच घरात वावरली होती. म्हणून त्यांनी थाप मारली. मी काम सुरू केलंय, सल्लागार म्हणून. कशाचा, हे मुलीने विचारलं नाही. सल्लागाराला ते कोणी विचारत नाही. पण ती रोज अकरा वाजता तिच्या ऑफिसातून व्हिडिओ कॉल करायची. तेव्हा पाठीमागे ऑफिस दिसायला हवं होतं.

“आम्हा मॅनेजर लोकांचा एक ग्रुप आहे, काका,” बाई म्हणाल्या. “तुमचा फोटो तिथे रोज नव्या जागेवरून येतोय.”

हेडक्लार्कांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. छत्तीस वर्षं त्यांनीही माणसांना असंच आत बोलावलं होतं.

“तुम्ही नक्की करता काय?”

“सल्लागार आहे.”

“कशाचे?”

आठ दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला. त्यांनी खरं ते सांगून टाकलं. बायको, फ्लॅट, अकराचा फोन. “आता उपनगरात आठवी जागा नाही,” ते म्हणाले. “उद्या मुलीला काय दाखवू?”

बाईंनी हसू दाबलं नाही. काचेतून बाहेर बोट दाखवलं.

“तो हेडफोनवाला बघा. नोकरी जाऊन तीन महिने झाले, घरी पत्ता नाही. डबा घेऊन येतो, डबा खाऊन जातो. ती चष्मेवाली स्टार्टअपची मालकीण. स्टार्टअप कधी स्टार्ट होणार, ते तिलाच माहीत. आणि तो फोनवर ओरडतोय ना, ‘डील आजच्या आज संपवा’? पलीकडे कोणी नसतं.”

“मग त्यांना बसू का देता?”

“रिकामा हॉल बघून कोण पैसे भरेल? गिऱ्हाईक जागा बघायला आलं की खुर्च्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत. तुम्हीपण या रोज. फुकट. अट एकच. कामात असल्यासारखं दिसायचं.”

“त्याचा छत्तीस वर्षांचा अनुभव आहे,” हेडक्लार्क म्हणाले.

तेवढ्यात अकरा वाजले आणि फोन आला. त्यांनी तो केबिनमध्येच उचलला. मागे काच, काचेमागे भरलेला हॉल. इतकं झकास ऑफिस आजवर मिळालं नव्हतं.

“अय्या बाबा, केबिन?”

“मीटिंग चालू आहे जरा. तुझं काय?”

“मरायला फुरसत नाही हो. आज तर सकाळपासून...”

तिच्या मागून एक पुरुषी आवाज आला, अगदी अदबीने. “मॅडम, तुमची ट्रायल कालच संपली ना? टेबल सोडावं लागेल.”

इतके दिवस हेडक्लार्क स्वतःच्या पाठीमागे काय दिसतंय तेच बघत होते. आता पहिल्यांदा त्यांनी मुलीच्या पाठीमागे बघितलं. तिथे ओळीने भाड्याची टेबलं होती.

फोन तिरका झाला. छत दिसलं, पंखा दिसला. मग पुन्हा मुलीचा चेहरा आला.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“आईच्या आजारपणात दोन महिने तिच्याजवळ राहिले ना, तेव्हाच. परत गेले तर माझ्या जागी दुसरी बसली होती. फ्लॅटच्या भाड्यावर दोघांचं भागेल, म्हणून तर मागे लागले होते.” ती नाक ओढत म्हणाली. “तुम्हाला काय सांगणार होते, बाबा? तुमचं आत्ता कुठे बस्तान बसलं होतं.”

हेडक्लार्क फोनवर तळहात ठेवून मॅनेजर बाईंकडे वळले.

“हॉल भरायला अजून एक माणूस चालेल का? कामात असल्यासारखं दिसणं आमच्या घराण्यातच आहे.”