रजेवरचा शिपाई

"माझे पणजोबा लढाईतून पळून गेले होते का?"

दप्तरखान्यात एवढ्या मोठ्याने आजवर कुणी बोललं नसावं. खिडकीतल्या बाईंचा शिक्का हवेतच राहिला. खांबाआड दोन मैत्रिणी तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या. पैज त्यांचीच. तू खरी तोफ असशील तर हेच शब्द, असेच्या असे, खणखणीत विचार!

गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरीलाही जिचा आवाज फुटत नव्हता, ती यंदा शाळेची तोफ झाली होती. मागे हटते कशाला?

"असं विचारायला लाज नाही वाटत?" बाई म्हणाल्या.

"वाटते ना. म्हणूनच विचारतेय."

हे मात्र खरं होतं. गावाकडे त्यांच्या घराला अजून 'पळपुट्याचं घर' म्हणत. पणजोबा सैन्यात गेले, फरार झाले, पुन्हा तोंड दाखवलं नाही, एवढंच सगळ्यांना ठाऊक. आजोबा ते ऐकत वाढले आणि ऐकतच गेले. बाबांनी गाव सोडलं, तर तो शब्द पाठोपाठ आला. दादा शिक्षण सोडून भरती झाला तोही त्या शब्दापायीच. "हा डाग धुऊन काढला नाही तर नाव बदलीन," असं म्हणाला होता. तिला तो डाग मुळात नव्हताच, असं कुठेतरी लिहिलेलं हवं होतं.

बाईंनी दोन दांडगी बाडं आणून आदळली. "हे पलटणीचं, हे जनगणनेचं. आणि थुंकी लावून पानं उलटायची नाहीत."

पणजोबा पलटणीच्या बाडात सापडले. पुरात नदी ओलांडताना त्यांची तुकडीच्या तुकडी वाहून गेली होती. पानावर सगळ्यांपुढे 'बेपत्ता' होतं. नंतर एकेकाचं 'बेपत्ता' खोडून 'मृत' केलेलं. पणजोबांपुढे मात्र निराळ्या शाईत लिहिलं होतं: 'जनगणनेत घरी हजर. सबब फरार.'

तिने घाईघाईने दुसरं बाड ओढलं. तिथे ते खरंच होते! पुराच्या पुढच्याच वर्षी, स्वतःच्या घरात, आई, बायको आणि तान्ह्या मुलासोबत. वय बावीस. पुढच्या गणतीत बत्तीस. मग बेचाळीस.

"म्हणजे घरातच लपून बसले होते?" एका मैत्रिणीच्या तोंडून निघून गेलं. दुसरीने तिला चिमटा काढला. "जाऊ दे गं. आम्ही कुणाला सांगणार नाही."

त्या सांगणार नाहीत हे तिलाही माहीत होतं. पण आजोबा तर म्हणायचे, मी बापाचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. मग आजोबाही खोटं बोलले? आणि दादाने वर्दी चढवली ती अशा माणसासाठी?

घरी आली तेव्हा आई दादाची गादी उन्हातून आत घेत होती.

"परवा गणतीवाला येतोय," आई म्हणाली. "चौकटीवर खडूने आकडा घालून गेलाय. मी स्वयंपाकघरात असले तर तूच सांग, चौघं म्हणून. फौजेतली मुलं म्हणे तिकडेच मोजतात. मोजू देत! माझं पोर माझ्या घरात मोजलं जाणार. रजा मिळाली की येईलच तो."

बाबा झाडांना पाणी घालायला उठले. दादाचा विषय निघाला की झाडांना हटकून तहान लागायची.

"बरं," ती म्हणाली आणि गादीचं दुसरं टोक धरलं.

मन मात्र बाडातच अडकलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती एकटीच गेली. काल नुसती वयं वाचून गळपटले, आज ओळ शेवटपर्यंत वाचायची. बोट ठेवून ती आडवी सरकत गेली.

व्यवसाय: शिपाई, रजेवर.

बेचाळिसाव्या वर्षी? रजेवर. बावन्नाव्या? तेव्हाही रजेवर! एवढी रजा कुठली फौज देते? आणि ओळीच्या टोकाला दरवेळी तेच: माहिती देणार, आई.

पुढच्या गणतीत आईची ओळ नव्हती. म्हातारी गेली असणार. तिच्याबरोबर पणजोबांचीही ओळ गेली होती, आणि पणजीच्या नावापुढे पहिल्यांदाच लिहिलं होतं, 'विधवा'.

"सापडलं का?" बाईंनी विचारलं.

तोफेने नुसती मान हलवली.

संध्याकाळी तिने आईबाबांना समोर बसवून सगळं सांगितलं.

"म्हणजे माझे आजोबा पळाले नव्हते?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. बाकीच्यांबरोबर नदीतच गेले. त्यांची आई गणतीवाल्याला सांगत राहिली, रजेवर आलाय. फौजेने ते वाचलं आणि फरार ठरवलं."

"माझ्या बापाने हे ऐकायला हवं होतं गं," बाबा म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढला.

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बिचारीने काय वाईट केलं? आपलं पोर आहे म्हणाली. आई आणखी काय म्हणणार?"

"वाईट नाही केलं," ती म्हणाली. "पण त्या एका शब्दापायी तीन पिढ्या खाली मान घालून चालल्या."

"पुरे आता. जेवायला उठा. उद्या तो गणतीवाला सकाळीच..."

"त्याच्यासमोर मी जाणार आहे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तरी बाबांनी मान वर केली. "माझं ठरलंय. घरात माणसं किती विचारलं, की मी तीन सांगणार. दादा आपल्यातून जाऊन दोन वर्षं झाली, आई."