तेवीस तास
धुणं वाळत घालून ती खोलीत आली, तर बाळाचे पाय मोकळे! दांडीला जोडलेले छोटे बूट पलंगाखाली पडलेले. जन्मतः वाकडं पाऊल नुकतं सरळ झालं होतं. रोज तेवीस तास बूट घातले नाहीत तर पुन्हा वळेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. "रडून रडून निळी पडली पोर. मीच काढले," सासूबाई म्हणाल्या. "गेल्या जन्मीचं कर्म ते, भोगूनच फिटायचं. नशिबापुढे तुझ्या बक्कलांचं काय चालणार?" तिनं सासूबाईंच्या नाकावरचा चष्मा अलगद काढून घेतला. "अगं, काय हे?" "तुमची अधू नजरही गेल्या जन्मीचीच असेल की, आई. भोगा." ती खाली बसून बूट चढवू लागली. बाळानं भोकाड पसरलं, तरी हात थांबले नाहीत. "चष्मा दे इकडे," सासूबाई पुटपुटल्या. "दुसरं बक्कल कितव्या भोकात लावायचं?"