सतरावा प्रश्न

"मदत पोचेपर्यंत तुम्हाला सगळ्यात आधी कोण हवं होतं?" आईने वाचलं.

लेक उभ्या उभ्या चहा पीत होती. आपत्तीत घरदार सोडावं लागलेल्या माणसांवर आईचं संशोधन चालायचं. नवी प्रश्नावली छावणीत नेण्याआधी ती घरी लेकीवर करून बघायची.

"माझ्यावर कुठली आपत्ती आलीय?"

"आली असं धर."

"मग ज्याच्याकडे चार्जर असेल तो."

"विनोदाला माझ्याकडे रकाना नाही."

"बरं. तुला हाक मारून तर उपयोगच नाही. तू दुसऱ्या कुणाच्या तरी आपत्तीत असशील, आणि तिथे रेंज नसेल."

आई हसली नाही. तिने पेन्सिलीचं टोक टेबलावर टेकवलं. उत्तर सुचवायचं नाही, दहापर्यंत मोजायचं, माणूस तरीही गप्प राहिला तर नव्व्याण्णव, म्हणजे 'उत्तर नाही', लिहायचं, हा तिनेच घालून दिलेला नियम. टक. टक. सहाव्या टकला लेकीने किल्ल्या उचलल्या.

"अगं, एकच राहिलाय! सतरावा!"

"संध्याकाळी!" ती जिन्यातून ओरडली.

दुपारी शिकवता शिकवता आई वर्गातल्या खुर्चीवर बसली, ती उठलीच नाही.

नवव्या दिवशी आईची विद्यार्थिनी कागद न्यायला आली. लेकीने गठ्ठे काढून दिले, पाणी दिलं, सही कुठे करायची ते विचारलं. नऊ दिवस तिचं सगळं असंच चाललं होतं, बिनचूक.

शेवटच्या गठ्ठ्यावर त्या सकाळची प्रश्नावली होती. सोळा उत्तरं भरलेली. सतराव्यापुढे 'चार्जर' लिहून खोडलेलं, आणि बाजूला बारीक अक्षरात, 'संध्याकाळी'.

"ही नुसती चाचणीची आहे, ताई," विद्यार्थिनी म्हणाली. "पण रकाना रिकामा सोडलेला मॅडमना खपायचा नाही. नव्व्याण्णव टाकू?"

"आधी मोजायचं असतं ना?"

विद्यार्थिनीने पेन्सिल उचलली. ती आईच्या खुर्चीवर बसणार होती, पण शेजारची ओढून बसली. पेन्सिल टेबलावर टेकवली. टक. टक.

आठ झाले. नऊ.

"तू," लेक म्हणाली. ती रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. "दर वेळी तूच हवी होतीस, आई."