वाळेपर्यंत

खुर्ची तिने मुद्दाम रिकामी ठेवली होती.

जलरंगाच्या वर्गाचा गृहपाठ होता: घरात जिथे रोज कुणीतरी बसतं, अशी एक जागा रंगवा. खिडकीजवळची वेताची खुर्ची नवऱ्याची. तो आंघोळीला जाईपर्यंत ती थांबली. मग घाईघाईने खिडकी, पडदा आणि खुर्ची कागदावर उतरवली. तो बाहेर आला तेव्हा सगळं अजून ओलं होतं, पण खुर्चीत कुणी नव्हतं. तेवढं बघून ती चहा करायला गेली.

दोन कप घेऊन परतली तेव्हा तो तिच्या टेबलापासून उठून आपल्या खुर्चीकडे निघाला होता. खोडी पकडली गेल्यासारखा हसत होता.

"रिकामी खुर्ची बघवेना गं. घरातून कुणी गेल्यासारखं वाटत होतं. बसवून टाकला एकाला."

तिने त्याचा कप सवयीने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. त्याच्या कपात दोन चमचे साखर, तिच्या कपात मुळीच नाही. मग तिने कागदाकडे पाहिलं.

खुर्चीत एक निळा माणूस बसला होता. लहान मुलाने काढावा तसा. टक्कल, चष्मा, पोट.

"हे काय करून ठेवलंत?"

"चित्रकला. तू पासष्टाव्या वर्षी शिकतेस, मग मीच काय घोडं मारलंय? आणि बघ, पोट जरासुद्धा कमी केलेलं नाही. प्रामाणिक आहे मी." तो खुर्चीत टेकला. "तुझं ते घाण पाणीसुद्धा टाकून आलो. वाडगा पुसून ठेवलाय. शाबासकी राहू दे, ओरडू तरी नको."

ती ओरडली नाही. ओल्या कागदावर निळा रंग चकाकत होता.

वर्गात तिने पहिल्यांदा मांजर रंगवलं होतं. समोरच्या भिंतीवर बसणारं, काळं कुळकुळीत. कागद वाळला तेव्हा भिंत राहिली आणि मांजराच्या जागी मांजराच्या आकाराचा कोरा कागद. वर्गाचा मास्तर तिच्याहून वयाने निम्मा. "मावशी, पाणी जास्त होतंय," तो म्हणाला होता. "जलरंग वाळल्यावर जरा फिका होतोच." मांजर पुन्हा भिंतीवर दिसलं नाही. मांजरं काय, येतात, जातात. मग तिने समोरच्या दुकानातला शिंपी रंगवला, मशीनवर वाकलेला. या वेळी रंग दाट घेतला. मशीन वाळून तशीच राहिली, भिंतीवरची कात्री राहिली, शिंपी राहिला नाही. दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद. मुलगा त्याला घेऊन गेला म्हणे.

आयुष्यभर तिने शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. दोन निरीक्षणांवरून नियम मांडणाऱ्या मुलांना तिने बाकावर उभं केलं होतं. तरीही त्यानंतर तिने फक्त बादल्या आणि किटल्या रंगवल्या. त्या सगळ्या वाळल्यावरही जागच्या जागी होत्या.

"पंखा मोठा करतो," नवरा म्हणाला. "लगेच वाळेल."

"नको!"

तो अर्धवट उठलेला तसाच थांबला. तिने जाऊन पंखा बंद केला.

"अगं, उकडतंय."

"उकडू दे. बसा तुम्ही. हलू नका."

"आता काय, फोटो काढतेस?"

खिडकीतून कोरडा, गरम वारा येत होता. पडदा हलत होता. निळ्या माणसाच्या पायांवर त्याने रंग पातळ लावला होता. तिथली चकाकी सगळ्यात आधी गेली. पावलं राखाडी झाली. मग राखाडीही विरायला लागली.

"पायाला मुंग्या आल्या," तो म्हणाला आणि फरशीवर पाय आपटले. "बसून बसून."

"आत्ताच तर बसलात."

"तेच म्हणतोय. म्हातारपण, दुसरं काय!"

वाडगा कोरडा होता. तिने कुंचला आपल्या चहात बुडवला आणि पावलांवरून फिरवला. रंग परत आला. थोडा मातकट, पण आला.

"हं, गेल्या," तो म्हणाला. त्याने वर्तमानपत्र उघडलं आणि तोंडासमोर धरलं.

ती उभ्यानेच काम करत राहिली. नळीतून थेंब थेंब आम्ल सोडायची सवय कामाला येत होती. पावलं ओली केली की गुडघे सुकत होते. गुडघे ओले केले की पोट. निळा रंग ओघळून खुर्चीच्या तपकिरीत मिसळत होता, कडा विस्कटत होत्या. मास्तर म्हणाला असता, मावशी, आता हात काढा, चित्र बिघडलं.

"झालं का गं?" वर्तमानपत्रामागून आवाज आला. आवाज जरा लांबून आल्यासारखा होता.

"नाही."

"किती वेळ लागेल वाळायला?"

निळ्या माणसाच्या चेहऱ्यावरची चकाकी चालली होती. टक्कल आधीच कोरं दिसत होतं. तिने आपला कप तिरपा केला, तळाशी गेलेला चहा कुंचल्याच्या टोकावर घेतला आणि कपाळ ओलं केलं. मग चष्मा. मग, पुन्हा टोक बुडवून, तोंडावर एक थेंब.

वर्तमानपत्रामागे जिभेचा मचमच आवाज झाला.

"अगं, साखर विसरलीस की काय आज?"

तिने मान वर केली. खिडकीच्या कट्ट्यावर त्याचा कप तिने ठेवला तिथेच होता. काठोकाठ भरलेला. वर साय धरली होती.