नुरझातची डोकेदुखी

नुरझात पुन्हा डोकं दुखतं म्हणून आली, तशी उरुमकानच्या कपाळावर आठी चढली. दोन वर्षांतली ही अकरावी खेप. रक्तदाब नीट, डोळे नीट, शहरातून करून आणलेल्या तपासण्याही नीट. गावच्या दवाखान्यात तपासायला उरुमकान एकटी. बाहेर बाकावर सहा जण खोळंबलेले आणि ह्या बाईचं आपलं तेच रडगाणं.

पण गेल्याच आठवड्यात तिला जिल्ह्याला बोलावून शिकवलं होतं. अशी बाई वरचेवर आली तर सोबतच्यांना बाहेर काढा, दार लावा आणि घरी काही त्रास आहे का ते विचारा. तिने नुरझातसोबत आलेल्या सासूला बाहेर बसवलं, दार लावलं आणि विचारलं.

नुरझातने आवाज न चढवता सगळं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी चौघांनी तिला बाजारातून उचलून गाडीत कोंबलं. घरी नेल्यावर बायकांनी तिच्या डोक्याला सुनेचा पांढरा रुमाल बांधला. त्या रात्री तिच्यावर बळजबरी झाली. मग तिच्या वडिलांचा राग शांत करायला मेंढ्या गेल्या, आणि तो झालाही शांत. तिचा राग कुणी विचारला नाही. आमच्याकडे ह्याला लग्न म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला लाजही वाटत नाही.

"मला हे लिहून द्या, एजे," ती म्हणाली. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं सगळं गाव उरुमकानला एजे म्हणे. "कागद मिळाला तर इथूनच पोलिसांत जाते. त्या घरात परत जायचं नाही मला."

उरुमकानचा पारा चढला. आधी तिने नुरझातच्या नवऱ्याला शिव्या हासडल्या, मग सासूला, आणि उरलेला राग नुरझातवर काढला. "तीन दिवसांत आली असतीस तर औषधं दिली असती, अंगावरच्या खुणा लिहून ठेवल्या असत्या. आता दोन वर्षांनी काय लिहू, माझं कपाळ? तोंड शिवलं होतं का तुझं?"

नुरझातने टेबलावरचे आपले केसपेपर ओढले आणि सगळ्यात खालचा काढून समोर ठेवला. तारीख तिसऱ्या दिवसाची. अक्षर उरुमकानचं. वर फक्त 'डोकेदुखी' लिहिलेलं.

"आले होते मी. असंच सगळं सांगितलं होतं. तुम्ही माझा सुटलेला रुमाल नीट बांधलात. म्हणालात, दगड पडतो तिथेच जड होतो, पोरी."

नेलं त्याच घरात मुकाट नांद, असा त्याचा अर्थ; नव्या सुनेला आमच्याकडे सगळ्याजणी हे ऐकवतात. रुमाल सारखा करून अशा किती पोरी माघारी धाडल्या, ते उरुमकानला आठवेना. बाहेर सासू खाकरली.

"माझं डोकं कधीच दुखलं नाही, एजे," नुरझात म्हणाली. "हे पुन्हा कुणाला बोलू नकोस, अगदीच सहन झालं नाही तर डोकं दुखतं म्हणून माझ्याकडे येत जा, असं तुम्हीच सांगितलं होतं."