कोयता धरलेला हात

विद्याधरने फोटोची उजवी कड आणखी बोटभर आत घेतली आणि कोयता धरलेला, जंगलातला गाईड धाकूचा हात चौकटीबाहेर गेला. आता फक्त घरटं, स्वर्गीय नर्तक पक्ष्याची लांब पांढरी शेपटी आणि पिल्लांच्या तीन उघड्या चोची. सावली थोडी उजळली, की फोटो स्पर्धेला पाठवायला मोकळा.

"काय सुरेख आलाय हो!" बायको म्हणाली. "मध्ये एक पान आडवं नाही."

पान कुठून येणार? फांदी धाकूने तोडली होती. "सायेब, पिल्लं उन्हात येतील," असं तो म्हणालाही होता. "एका फांदीने काय मरतायत? तोड!" असं त्याला दटावलं होतं विद्याधरनेच.

आनंदाची बातमी द्यावी म्हणून त्याने धाकूला फोन लावला.

"फोटो झकास झालाय रे! पिल्लं उडाली का?"

"दुसऱ्याच दिवशी मेली, सायेब. उन्हाने भाजली. फॉरेस्ट गार्डाने तोडलेली फांदी बघितली, नि माझं गाईडचं काम गेलं. तुमचं नाव नाय घेतलं मी." मग धाकूने विचारलं, "माझा हात फोटोत नाय ना आला?"

विद्याधर पुन्हा फोटोकडे वळला. त्याने कापलेली कड परत आणली. कोयता आला, धाकूचा हात आला. हुकूम सोडणारा मात्र त्या अख्ख्या फोटोत कुठेच नव्हता.

त्याने तो फोटो तसाच वनअधिकाऱ्याला पाठवला. खाली लिहिलं, "हात धाकूचा आहे. फांदी मी तोडायला लावली."