दोनदा आलेली अंगारकी

हेरंब लॉस एंजेलिसला उतरतो न उतरतो, तोच चिपळूणहून बायकोचा व्हिडिओ कॉल. मूल व्हावं म्हणून नवस बोलून दोघांनी अंगारकी धरली होती.

"उपास कधी सोडलात?"

"मंगळवारी रात्री, टोकियोत चंद्र बघून. मग विमानात बसलो."

"आत्ता तिथं किती वाजलेत?"

"मंगळवार संध्याकाळचे पाच."

"म्हणजे चंद्र उगवायच्या आधीच गिळलंत!"

"अगं, दहा तासांचा प्रवास, पण वाटेत तारीख मागे जाते."

"तारीख काय एसटी आहे, मागे घ्यायला? शेंडी लावू नका! हातातलं सँडविच ठेवा आणि चंद्र उगवेस्तोवर थांबा."

खोटं वाटेल, पण बिचाऱ्यानं एकाच अंगारकीला दोन उपास केले.

पुढच्या वर्षी जुळी झाली. आता अंगारकी जवळ आली, की बायको त्याचा पासपोर्ट कुलपात ठेवते.